कोऱ्या सीडीवरचा संशय

मी सीडी बोलतेय. जन्मले तीच बहिणींच्या चळतीत. मधोमध भोक, पोटात काही नाही, आणि अंगावर आरशासारखी चकाकी. जो तो हातात घेऊन आधी स्वतःचे दात बघायचा.

माणसांनी आमच्यावर गाणी चोरून उतरवली, आणि कायदा झाला तो आमच्यावर. चोर मोकळा, पिशवीला कोठडी. कोरी सीडी घरी न्यायला बंदी. परवानावाल्या दुकानात यायचं, जे काय आहे ते तिथेच उतरवून घ्यायचं. दुकानदाराने ते अथपासून इतिपर्यंत ऐकायचं, का तर कुणा दुसऱ्याचं गाणं त्यात शिरलेलं नाही ना. लोकांच्या पोरांची रडणी ऐकून बिचाऱ्याचे कान विटले होते.

रांगेत फोटोवाला कुरकुरत होता. "लग्नाच्या शूटिंगमधला बँड मुका केला यांनी. नुसते गाल फुगतात. नवऱ्याचा बाप विचारतो, यांच्या दाढा दुखतात का?" त्याच्यामागच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना तर स्वतःचा आवाज स्वतःचाच असल्याचा दाखला आणायला सांगितलं होतं.

पुढे उभी होती एक मावशी, हातात कॅसेट. लेकीने मनाने लग्न केलं तेव्हा ही म्हणाली होती, माझा उंबरा चढू नकोस. लेक मानी, चढली नाही. आता तिचे दिवस भरत आलेले, आणि ती फोन उचलेना. मावशीला लिहिता येत नव्हतं. सूनबाईकडून लिहून घ्यावं, तर माफी आधी सुनेच्या कानावर जाणार. म्हणून स्वयंपाकघरात बसून ती टेपवर बोलली होती. लेकीकडे टेप नाही, कॉम्प्युटर आहे, म्हणून मी.

दुकानदाराने कॅसेट लावली. आत गाणंच गाणं, त्याच्या आडून मावशीची कुजबुज.

"हे गाणं कुणाचं, मावशी?"

"रेडिओचं. मीच लावला मोठ्यांदा. सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग हे नाही उतरवता येणार."

रांग आधी हसली, मग चिडली. फोटोवाला म्हणाला, "आईने लेकीशी बोलायलाही आता परवाना काढायचा का?"

"माझ्यावर काय खेकसता? कायदा काय मी केला?" दुकानदाराने माइक पुढे सरकवला. "मावशी, इथेच बोला. रेडिओशिवाय."

"या सगळ्यांसमोर?"

"आम्ही कान झाकतो," गाण्याच्या बाई म्हणाल्या. कुणीही झाकले नाहीत.

मावशी बोलायला लागली. टाकी गळते. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली. सूनबाईचा खोकला जात नाही, औषध घेईल तर शपथ. सगळं बोलली, तेवढं एक सोडून. माझी जागा भरत चालली होती.

"मावशी, ये म्हणा ना," फोटोवाला न राहवून म्हणाला. "तेवढंच राहिलंय."

"म्हणते रे मेल्या, दम धर."

रांगेत कुणाला तरी खोकला आला, तोही त्याने गिळला.

"ये गं," मावशी म्हणाली. "चुकले मी. बाळंतपणाला माझ्याकडेच ये."

नियमाप्रमाणे दुकानदाराने सगळं पुन्हा ऐकलं. मग चष्मा पुसला. दुकानात धूळ फार.

टपालाने मी लेकीकडे पोचले. तिने मला लावलं. टाकीपाशी हसली, मांजरीपाशी हसली. शेवटी कुणी परका माणूस आपल्या आईला 'ये म्हणा ना' म्हणून विनवतोय, हे ऐकल्यावर मात्र हसली नाही. दुसऱ्या सीडीवर मला उतरवून ठेवायला गेली, तर 'आवाज तुमचा नाही' म्हणून कायद्याने तिथेही हात धरला. मग माहेरी निघताना तिला मला मागे ठेववेना. बाळाच्या दुपट्यांमध्ये गुंडाळून तिने मला सोबतच आणलं.

आता मी मावशीच्या कपाटात असते. अंगावर ओरखडे पडलेत, चकाकी उतरली. कायदेवाल्या शहाण्यांनो, चोर धरायचे तर जरूर धरा, पण कोऱ्या पोटाच्या जिवाला जाब विचारू नका. मला वाजवायला या घरात यंत्र नाही, आणि असतं तरी उपयोग नव्हता. बाळाला तेल किती लावायचं यावरून मायलेकी दिवसभर अशा भांडतात, की माझा आवाज ऐकतंय कोण?