राक्षसांचा आडोसा

मी एक पुठ्ठा. साधा, तपकिरी, कडेला थोडा फाटलेला. हसलात ना? हसा. पुठ्ठ्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटणारच. पण तुमच्यापैकी किती जणांच्या अंगाखांद्यावर राक्षसांची अख्खी फौज खेळली आहे, तेवढं सांगा. माझ्या खेळली आहे.

जन्माने मी वॉशिंग मशीनच्या खोक्याची एक बाजू. वाटेत मशीनला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. घरी पोचल्यावर सगळ्यांनी मशीनचं कोडकौतुक केलं आणि मला गॅलरीत टेकवून ठेवलं. माणसांची ही खोड मी तिथेच ओळखली. आतली वस्तू हाती आली की तिला सांभाळून आणणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मी आपला ऊन खात रद्दीवाल्याची वाट बघत बसलो.

रद्दीवाल्याच्या आधी ताई आली. ताई या घरची मालकीण. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासते, दिवसभर "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारते. तिने मला झटकलं, कापलं, दोन घड्या पाडल्या आणि जेवणाच्या टेबलावर उभं केलं. "झाला आडोसा!" ती म्हणाली. तेच माझं नाव पडलं.

कशाला आडोसा, ते सांगतो. ताईला एका खेळाचं वेड. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून एक गोष्ट रचायची. प्रत्येकाने एकेक नायक व्हायचं आणि एकाने सूत्रधार. सूत्रधार म्हणजे उरलेलं सगळं जग. डोंगर तोच, पाऊस तोच, धर्मशाळेतला तिरसट म्हातारा तोच, आणि मुख्य म्हणजे राक्षसही तोच. तलवार लागली की हुकली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा तर लागली, लहान तर हुकली. नायक आपले फासे उघड्यावर टाकतात. राक्षसांचे फासे सूत्रधार झाकून टाकतो आणि आकडा तोंडाने सांगतो, म्हणजे उत्सुकता टिकते. ते झाकण्यासाठी मी.

सूत्रधार अर्थातच ताई. बाजारात तयार राक्षस पैशाला पासरी मिळतात, पण शिंगं फुटलेल्या आणि आग ओकणाऱ्या त्या मंडळींना ती विटली होती. म्हणून तिने ग्रंथालयातून प्राचीन पर्शियाच्या पुराणकथांची जाडजूड पुस्तकं आणली आणि हात धुऊन त्यांच्या मागे लागली. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पुस्तक. एकेका राक्षसाला ती ताकद, चपळाई, दरारा असे गुण द्यायची आणि माझ्या आतल्या अंगावर पेन्सिलीने लिहायची. ऐश्म हा रागाचा राक्षस, हातात रक्ताळलेली गदा. त्याचे आकडे झटक्यात ठरले. अपओश हा दुष्काळाचा राक्षस, काळ्या घोड्याच्या रूपात येणारा. त्याचे कान टकले, पाठ टकली, शेपूटसुद्धा टकली. हे वाचताना ताई एकटीच खुदकन हसली.

गाडी अडली ती बुश्यांस्तापाशी. ही आळसाची राक्षसीण. ना शिंगं, ना सुळे, नुसते लांबच लांब हात. पहाटे कोंबडा आरवला आणि माणसं डोळे चोळत उठायला लागली की ही म्हणते, झोपा रे, अजून वेळ झालेली नाही. बस्स, एवढंच तिचं शस्त्र.

"अगं, दात तरी दे तिला," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात, आणि घरातल्या कुठल्याही अडलेल्या गोष्टीत बोट घालतात. "अशा बाईला कोण घाबरणार?"

"ज्यांनी ही गोष्ट सांगितली, त्यांनी दात दिले नाहीत," ताई म्हणाली. "हे कोणाच्या तरी श्रद्धेतलं आहे हो. आकडे माझे घालीन, दात नाही घालणार. आणि घाबरायचं म्हणाल, तर..."

तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

त्या दारामागे धाकटा राहायचा. ताईचा भाऊ. तो नाटकांचे पडदे रंगवायचा. महाल म्हणा, जंगल म्हणा, त्याच्या कुंचल्याखाली उभं राहायचं. मग नाटक कंपनी बंद पडली, सामान विकलं गेलं, आणि तो चार कपडे घेऊन बहिणीकडे आला. आला तो झोपलाच. दुपारी उठायचा, जेवायचा, कोणी काही विचारलं तर "बघू" म्हणायचा आणि पुन्हा दार लावून घ्यायचा. हा सगळा राक्षसांचा खटाटोप ताई कोणासाठी करतेय, हे सांगायला मला पुस्तकं वाचावी लागली नाहीत.

एके दिवशी तिने मला रंगांच्या डब्यांसकट त्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. "उघडाबोडका आहे रे बिचारा," म्हणाली आणि निघून गेली. धाकट्याने माझ्याकडे पाठ केली. पण पडदे रंगवणाऱ्या माणसापुढे कोरा पुठ्ठा किती दिवस सुखाने उभा राहणार? एका दुपारी तो उठला, पुटपुटला, "हात किती लांब म्हणाली होती?" आणि कुंचला उचलला. माझ्या बाहेरच्या अंगावर त्याने राक्षसांची रांगच लावली. बुश्यांस्ताचे हात तर माझ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचले. तिचा चेहरा मात्र त्याने प्रेमळ काढला. ते पाहून ताईच्या अंगावर काटा आला. मला मात्र गुदगुल्या झाल्या.

दर रविवारी दुपारी खेळ रंगायला लागला. दाजी, धाकटा आणि शेजारच्या गणितमावशी. मावशी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या.

"या कथांमध्ये राक्षसांनाच 'देव' म्हणतात बरं का, मावशी," ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"उद्या दोन आणि दोन पाच म्हणशील," मावशी म्हणाल्या. पण तासाभरात त्या अशा रंगल्या, की बुश्यांस्ताने झोपवलेल्या गावाला कोंबड्याने आरवून उठवायची वेळ आली तेव्हा खुर्चीवर उभ्या राहून स्वतःच "कुकूच कू" ओरडल्या. खालच्या मजल्यावरचे लोक वर विचारायला आले होते.

ताईने एक खास नियमही केला होता. या पुराणात सगळ्या दुष्टपणाचं मूळ म्हणजे असत्य, द्रुज. म्हणून टेबलावर जो खोटं बोलेल, त्याने काचेच्या बरणीत एक काळं बटण टाकायचं. बरणीत जितकी बटणं, तितका राक्षसांना जोर. दाजी फोनवर मॅचचा स्कोअर बघायचे आणि "कामाचा मेसेज" म्हणायचे. त्यांची बटणं सगळ्यात जास्त.

आणि बरणीच्या पलीकडे, माझ्या आडोशाला काय चालायचं? ते फक्त मला ठाऊक होतं. ऐश्मची गदा धाकट्याच्या नायकावर उगारली जायची, फासा गडगडायचा आणि अठरा पडायचे. ताई बघायची आणि म्हणायची, "सहा. थोडक्यात हुकली!" धाकट्याचा नायक कड्यावरून पडला, विषारी विहिरीत बुडाला, तीनदा जळता जळता वाचला. बाकीच्यांचे नायक मरायचे, नवे यायचे. धाकट्याचा तेवढा अमर. असत्याचा राक्षस जिने पुस्तकातून उचलून घरात आणला, ती दर रविवारी एवढं खोटं बोलत होती, आणि बटण एकदाही टाकत नव्हती.

मला तिचा राग यायचा का? छे! तिला कसली धास्ती आहे, हे मी जवळून पाहत होतो. हा पोरगा जरा कुठे खोलीबाहेर आलाय. आता दाढी करतो, दाजींशी वाद घालतो, शनिवारीच विचारतो, "उद्या खेळायचं ना?" त्याचा नायक मेला आणि त्याने पुन्हा दार लावून घेतलं तर? त्या भीतीपायी ती लबाडी करायची, आणि मी तिचे आकडे झाकत उभा राहायचो.

मग बुश्यांस्ताशी शेवटची लढाई आली. दाजींचा नायक झोपला, मावशींचा झोपला. धाकटा एकटा उरला. ताईने आवाज मऊ केला. "झोप रे. अजून वेळ झालेली नाही." सगळे शहारले. तिने फासा टाकला. तो माझ्या पायाशी येऊन थांबला. वीस! वीसच्या वर आकडाच नाही. म्हणजे नायक कायमचा झोपला.

ताईने क्षणभर डोळे मिटले. "चार," ती म्हणाली. "वाचलास!"

"ताई," धाकटा म्हणाला, "बटण टाक."

"कसलं बटण?"

"खोटं बोललीस त्याचं."

धाकट्याने ताईच्या मागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपबशांच्या पुढ्यात, काचेत, तो लाल फासा स्वच्छ दिसत होता. आता मी समोरची राखण करणारा. पाठीमागे काय चाललंय ते मला कोण सांगणार?

"कधीपासून बघतोयस?" ताईने वळून काचेत पाहत विचारलं.

"पहिल्या लढाईपासून."

"मला वाटलंच होतं," मावशी हळूच म्हणाल्या. "वीस बाजूंचा फासा इतका मायाळू नसतो."

"मग बोलला का नाहीस?" ताईने धाकट्याला विचारलं.

"तुला बरं वाटत होतं म्हणून." धाकट्याने बरणी तिच्याकडे सरकवली. "पण ताई, इतके रविवार खेळलो, मी एकदाही जिंकलो नाही गं. दर वेळी तूच मला जिंकवलंस. मी एवढा गेलेला वाटतो का तुला?"

"मला भीती वाटते," ताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तू पुन्हा दार लावून घेशील याची भीती वाटते. दुसरं काही नाही रे."

धाकट्याने उठून मला दोन्ही बाजूंनी धरलं आणि टेबलावर आडवं केलं. वीसचा आकडा सगळ्यांसमोर उघडा पडला.

"परत टाकूया," दाजी घाईघाईने म्हणाले. "हे दान धरायचं नाही. फासा पुठ्ठ्याला लागला होता."

"दाजी, तुम्हीपण एक बटण टाका," धाकटा म्हणाला. त्याने आपला नायक लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

तो आठवडा काही खरा नव्हता. धाकटा जेवायला येई, पानावरून उठे आणि दार बंद. "माझंच चुकलं," ताई म्हणे. "वीस पडले तर वीसच सांगायचे होते." दाजी म्हणत, "जरा धीर धर." पण तेही दाराशी रेंगाळून कान देत. मी टेबलावर तसाच पडून होतो. मला उचलायचंही कोणाला सुचलं नाही. आतून कागदांची सळसळ यायची. कागद आमच्याच जातीचा, त्याचा आवाज मला बरोबर कळतो. झोपलेल्या माणसाच्या खोलीत कागद इतके सळसळत नाहीत. पण हे मी ताईला सांगणार कसं?

रविवार आला. ताईने फासे काढलेच नाहीत. मावशी सवयीने आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. नेहमीची वेळ झाली आणि दार उघडलं. धाकट्याच्या काखेत ताईची दोन जाडजूड पुस्तकं, हातात कागदांचा गठ्ठा, बोटांना काळा रंग. त्याने एक कोरा कागद ताईपुढे ठेवला.

"तुझा नायक तयार कर," तो म्हणाला. "अपओश येतोय. टकला घोडा. आजपासून राक्षस मी सांभाळणार."

"मी? नायक?" ताई बावरली. "मला कुठे येतं?"

"शिकशील. ऊठ, मावशींच्या शेजारी बस. ती खुर्ची माझी."

त्याने मला उभं केलं नाही. उचललं, झटकलं आणि टेबलाच्या मधोमध पसरलं. आता सगळे फासे माझ्यावरच पडतात, त्याचे आणि त्यांचे, सर्वांच्या डोळ्यांदेखत. माझा आडोसा गेला, नाव तेवढं उरलं. राक्षसांचे रंग जागोजागी उडालेत, चहाचे डाग पडलेत, घडीवर मी फाटत चाललोय. फार दिवस निघतील असं वाटत नाही. एवढीच विनंती आहे, की फासे जरा हळू टाकत जा. म्हातारा झालोय, लागतं.

कालच ताईचा नायक त्या टकल्या घोड्याच्या टापांखाली सापडला. पहिलाच नायक, तिने हौसेने त्याला नाव ठेवलेलं. धाकट्याने फासा मुठीत घोळवला. ताईने पदराला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ताई, सांगून ठेवतो," तो म्हणाला. "मी वाचवणार नाही हं."

"नकोच वाचवूस," ताई म्हणाली. "टाक."