कांताचा गुडघा

गुरुवारी पाच वाजता रवींद्र साळवेने खुर्च्या मांडायला घेतल्या आणि चौथी मांडून तिच्यावर स्वतःच बसला. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस, त्याला आता सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या जड व्हायला लागल्या होत्या.

मानपाड्याच्या त्याच्या घरात दर गुरुवारी चर्चमधली सहा-सात जणं प्रार्थनेला जमत. ही रीत त्याच्या बायकोने, कांताने लावलेली. कांता जाऊन आठ महिने झाले, तरी माणसं येत होती आणि रवींद्र दार उघडत होता. आज मात्र त्याचं ठरलं होतं. प्रार्थना संपली की सांगून टाकायचं, पुढच्या वेळेपासून दुसरं घर बघा. रविवारी चर्चला जाणं मग आपोआप सुटलं असतं.

दोन वर्षं या सगळ्यांनी कांताच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली होती. गुडघा बरा झालाच नाही, आणि एका सकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन कांताच गेली. गुडघा मागितला, देवाने बाईच नेली. अशा देवाशी बोलायचं तरी काय?

सहाला प्रमोदिनीताई आल्या. त्या शाळेत शिकवत आणि इथली प्रार्थना चालवत. त्यांनी भीमाबाईंना हाताला धरून जिना चढवला होता. भीमाबाई ऐंशीच्या पुढच्या, हल्ली काही लक्षात राहत नसे.

"सलाम, रवींद्रभाऊ. चेहरा उतरलाय."

"आहे तोच आहे, ताई."

"कांता कुठाय रे?" भीमाबाई म्हणाल्या. "चहा टाकतेय होय?"

"बसा तुम्ही," रवींद्र म्हणाला.

मागच्या महिन्यात प्रमोदिनीताईंनी त्यांना खरं सांगून पाहिलं होतं. म्हातारी कपाळ बडवून रडली होती, जणू कांता आत्ताच गेली. पुढच्या गुरुवारी सगळं विसरून परत तिने तेच विचारलं.

बाकीची मंडळी आली. आजचा विषय होता आनंद. प्रमोदिनीताईंनी प्रत्येकाला आठवड्यातली एक आनंदाची गोष्ट सांगायला लावली. कुणाच्या नातीचा दात पडला होता, कुणाची शुगर उतरली होती.

"तुमचं, भाऊ?"

"नळाला सलग दोन दिवस पाणी आलं."

"आमच्याकडे चमत्कारच म्हणायचा तो," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. रवींद्र सोडून.

मग डोळे मिटून एकेकाने प्रार्थना करायची पाळी सुरू झाली. ती रवींद्रपाशी आली, तेव्हा आठ महिने म्हणत होता तेच तो म्हणाला, "पुढे चला." पुढे भीमाबाई होत्या.

"बापा," त्यांनी सुरुवात केली, "कांताच्या गुडघ्याला हात लाव. जिना उतरताना भिंत धरते ती, मी बघते ना. फार सोसलंय पोरीने."

प्रमोदिनीताई हळूच म्हणाल्या, "भीमाबाई, अहो, कांताताई…"

रवींद्रला ते रडणं पुन्हा ऐकवणार नव्हतं. ते टाळायला म्हणून तो बोलला, "तिचा गुडघा आता दुखत नाही, भीमाबाई."

बोलला आणि थबकला. आपण थाप मारली असं त्याला वाटलं होतं, पण त्यात खोटं काही सापडेना. कांता प्रभूजवळ आहे, तिथे दुखणं नाही, हे दफनाच्या दिवशी शंभर जणांनी त्याला सांगितलं होतं. तो नुसता मान हलवत राहिला होता. आज ते त्याच्याच तोंडून निघालं होतं.

"खरंच?"

"खरंच."

"मग बसलायस काय असा? ऊठ. आभार कोण मानणार, तुझा बाप?"

त्यांच्यात तसा नियमच होता. मागणं ऐकलं गेलं की घरच्या माणसाने उभं राहून आभार मानायचे. रवींद्र खुर्चीला धरून उठला.

"प्रभू," तो म्हणाला. पुढचं येईना. "कांताचा गुडघा दुखत नाही. त्याबद्दल…" मग प्रमोदिनीताई उठल्या, एकेक करून सगळे उठले. भीमाबाईंनी बसल्या बसल्याच त्याचं मनगट धरलं.

"आभार," तो म्हणाला.

"आमेन," सगळे म्हणाले.

याला आनंद म्हणायचं का, त्याला कळेना. दुःख होतं तेवढंच होतं, थकवाही होता. पण खोल पाण्यात पायाला जमीन लागावी तसं काहीतरी लागलं होतं, आणि ती जमीन हलणारी वाटत नव्हती. एकट्याला ती सापडली नसती, एवढं त्याला कळत होतं.

निघताना प्रमोदिनीताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही फार दमलेले दिसता. पुढच्या गुरुवारी माझ्याकडे ठेवू का?"

"दमलोय खरा," रवींद्र म्हणाला. "पण इथेच या. आणि भीमाबाईंना आणा."

"त्या परत तेच मागतील."

"मागू द्या. मी परत उभा राहीन."