पोत्याचं दुःख

धान्याच्या गोदामात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पोती तोलायचा मोठा काटा. त्याला चिकटून खुर्चीत महाराज, गुडघ्यांवरून जमिनीपर्यंत शाल. मनाचं दुखणं ते वजनाने उतरवायचे. माणूस काट्यावर चढला की महाराज डोळे मिटून पुटपुटायचे आणि सगळ्यांदेखत वजन कमी व्हायचं. कधी दोन किलो, कधी तीन.

"दुःख दिसत नाही, पण भरतं," ते म्हणायचे. "आणि भरतं ते तोलता येतं."

आम्ही शेतकरी. सगळा व्यवहार काट्यावर. काटा खोटं बोलेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझी बायको तिथे दर आठवड्याला जायची. पेरणीपासून तिचं कशात मन नव्हतं. झोप नाही, जेवण नाही. बादली घेऊन गोठ्यात नुसती बसून राहायची, गाय हंबरत राहायची. मी तिला आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाई म्हणाल्या, "मनाचे डॉक्टर इथे येत नाहीत हो. शहरात नंबर लावा." लावला. तारीख मिळाली सुगीनंतरची. तोवर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. मग वहिनी तिला महाराजांकडे न्यायला लागली.

"भाऊजी, बघा, दर खेपेला वजन उतरतंय. चेहरा कसा हलका झालाय."

"हलका नाही, खप्पड झालाय."

"तुम्हाला कशाचं कौतुकच नाही."

त्याच आठवड्यात गुरांचे डॉक्टर गाय बघायला आले. बायको गोठ्याच्या दारात उभी होती. "तिचं झालं की मलाही बघा," ती म्हणाली. डॉक्टर हसले, मग त्यांची नजर तिच्या काटकुळ्या मनगटांवर गेली. जाताना मला म्हणाले, "गाय एवढी उतरली असती तर तुम्ही मला धावत बोलावलं असतं. ताईंचं दुःख नाही उतरत, ताई उतरतायत."

पुढच्या खेपेला ते आमच्याबरोबर गोदामात आले. येताना पशुखाद्याचं शिवलेलं पोतं आणलं, पन्नास किलोचं. बायकोची पाळी आली, महाराजांनी डोळे मिटले तसं तिच्याऐवजी आम्ही दोघांनी ते अलगद काट्यावर ठेवलं. वजन भरलं त्रेपन्न किलो.

"फार जुनं दुःख आहे, ताई," महाराज डोळे मिटूनच म्हणाले. पुटपुटले. वजन पन्नासवर आलं. "उतरलं. आता कसं वाटतंय?"

पोतं काही बोललं नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

महाराजांनी डोळे उघडले. "पोत्याला मन नसतं," ते गुरगुरले.

"मग तीन किलो दुःख कुठून आलं?" म्हणत डॉक्टरांनी शाल उचलली. महाराजांचा पाय काट्याच्या कडेला टेकलेला होता. आधी दाबायचा, मग सैल सोडायचा. एवढाच चमत्कार. बायकोचं खरं वजन घटत होतं ते उपाशी राहून, आणि लोक तिचं अभिनंदन करत होते.

गोदाम हसून हसून लोळलं. बायको हसली नाही.

घरी येताना म्हणाली, "मला माहीत होतं. शाल हलायची ना."

"मग जायचीस कशाला?"

"तो विचारायचा, कसं वाटतंय म्हणून."

"मी विचारतो की."

"तुम्ही विचारता आणि तुमचंच तोंड उतरतं. मग मी बरं आहे म्हणते."

महाराज गाव सोडून गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मी शहरात जाऊन तारीख अलीकडे द्या म्हणून हात जोडले. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुमच्यासारखे सगळेच येतात हो. डॉक्टर एकच आहेत."

ती तारीख आली तेव्हा बायको या जगात नव्हती.

लबाडी उघडी पाडा, जरूर पाडा. काट्यावर मन तोलता येत नाही, मनाचा आजार हा आजार आहे आणि त्याला औषध आहे, हे घरोघरी सांगा. पण नुसतं सांगून भागत नाही. आमच्या गाईसाठी डॉक्टर दारात येतो. माणसांसाठीही यायला हवा. कसं वाटतंय असं विचारणारा, आणि खरं उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचं हे शिकलेला.

गाय अजून गोठ्याच्या दाराकडे बघून हंबरते. दूध आता मीच काढतो.