सहा-सहा काट

अपेक्षाला शिकवायला बसण्यात सुट्टीत घरी आलेल्या ऋत्विकचा फायदा एवढाच होता, की भेंडी तोडायला जावं लागणार नव्हतं. भेंडीच्या लवेने बोटं खाजतात, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोराने खाजवत बसणं बरं दिसत नाही.

अपेक्षाचा हिशेब मोठा होता. धाड गावच्या क्लासात नारायणराव सर दिवाळीनंतर बारावीचं कॅल्क्युलस सुरू करणार होते, पण आधी बीजगणिताची परीक्षा. नापास झालेल्यांना मागच्या बाकांवर उजळणी. तिला पुढचा बाक हवा होता.

"हे पाह्य, x अधिक सहा, खाली सहा," ऋत्विक म्हणाला. "सहा-सहा काट. उरला x."

अपेक्षाने आकडा टाकून पाहिला. "दादा, x सहा घेतला तं बारा भागिले सहा, दोन येते. तू तं सहा म्हणून राह्यला."

"मग सहा नको घेऊ. तीन घे."

"दीड येते."

"आकडे काऊन टाकून राह्यली वं? बीजगणित हाये हे. याच्यात आकडे नसतात."

तिचा गोंधळ उडाला. आकडे खोटं बोलत नव्हते, आणि दादाही खोटं बोलेल असं वाटेना. मग चूक आपलीच असणार, असं तिने धरलं. बाहेर त्यांचे वडील हिंमतराव बायकोला सांगत होते, "शिकू दे त्याईले. भेंडी तू तोड." सत्यभामाबाई टोपली उचलून निघाल्या.

ऋत्विकने पुढे कंसाचा वर्गही उरकला. x अधिक h चा वर्ग म्हणजे x वर्ग अधिक h वर्ग, संपलं.

परीक्षेत नेमकं तेच आलं. x अधिक h चा वर्ग, त्यातून x वर्ग वजा, खाली h. अपेक्षाने कंसाला कंसाने गुणलं आणि लिहिलं, 2x अधिक h. मग दादाची रीत आठवली. तिने उत्तर खोडलं, नुसता h ठेवला.

सरांनी पेपर पुढे ठेवला. "खोडलेलं बरोबर होतं. खोडलं काऊन?"

"दादा इंजिनिअरिंगले हाये, सर."

"आण त्याले."

ऋत्विक आला. सरांनी तेच गणित फळ्यावर मांडलं. त्याने बिनधास्त h काटला, मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्याच चपलांकडे.

"कॅल्क्युलसचा पेपर निघाला का तुया?" सरांनी हळूच विचारलं.

त्याने खडू खाली ठेवला. दादा त्या पेपरात नापास झालाय, हे बहिणीला आता कळलं.

"बस मंग हिच्या बाजूले," सर म्हणाले. "सुट्टीभर."

तर पुढचा बाक अपेक्षाचा गेला, चूक ऋत्विकची. त्याची गेली ती फक्त ऐट. हिंमतरावांचं काहीच गेलं नाही. दोन्ही लेकरं क्लासला जातात, असं ते बाजारात सांगत फिरले. सकाळची भेंडी, दोघांच्याही वाट्याची, सत्यभामाबाई तोडत राहिल्या, आणि रात्री बोटांना खोबरेल लावत राहिल्या.