अंगणातले तीन टोल

“टेप गुंडाळून ठेवा. दुपारपर्यंत मोजमाप नको,” अप्पा पिंजरेवाल्याला म्हणाले.

“अप्पा, त्यांना मीच बोलावलंय,” लेक दारातून म्हणाली. “परवा घारीने कोंबडीचं पिल्लू उचललं. तुम्हाला दिसलं तरी का?”

“कसं दिसणार? तूच मला आंघोळीला पिटाळलं होतंस.”

पिंजरेवाला हसला. लेक हसली नाही. वर्षभरापासून अप्पांच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं होतं आणि आता डॉक्टरांनीही हात टेकले होते.

“पिंजऱ्यात सुखरूप तरी राहतील,” ती म्हणाली.

“माती न उकरता कोंबडीने दिवसभर करायचं काय? तारेवर उभं राहायचं?”

“आणि घार आली तर?”

“येणारच. तिलाही देवाने पोट दिलंय, तिचीही पिल्लं घरट्यात वाट बघतात. आपण तिच्या हाती लागायचं नाही, एवढंच.”

अप्पांनी शाळेत एकतीस वर्षं घंटा वाजवली. मुलं त्यांना टोलकाका म्हणत. विजेची घंटा आली तेव्हा शाळेने घंटा म्हणून टांगलेला जुना रुळाचा तुकडा त्यांनाच देऊन टाकला, सोबत मोडके बाकही. रूळ अंगणातल्या झाडाला टांगला गेला, बाक अंगणभर मांडले गेले. घार झेपावेपर्यंत पिल्लू जीव घेऊन पळालं तरी दहा पावलं पळतं, म्हणून कुठूनही दहा पावलांत बाक हवा. मुंगूस शिरू नये म्हणून खुराड्याभोवती हातभर खोल जाळी पुरलेली होती. रोज दिवस मावळायच्या आत ते खुराड्याची कडी लावत, दोनदा हलवून बघत. त्यांची पाठ वळली की लेक गुपचूप जाऊन तीच कडी पुन्हा बघून येई.

“बरं, दुपारपर्यंत,” ती म्हणाली. “आज एक जरी गेलं, तर पिंजरा.”

“कबूल.”

लोखंडी दांडा मांडीवर घेऊन अप्पा झाडाखाली बसले. पिंजरेवाला पायरीवर टेकला. ऊन चढत गेलं. कुंपणावर चिमण्यांचा कलकलाट चालला होता, तो एकाएकी थांबला. अप्पांनी मान उचलली. कोंबड्याने घशातून लांब, खरखरीत सूर काढला आणि अप्पांनी दांडा हाणला. टण्. टण्. टण्.

घार झेपावली, मोकळ्या मातीला तिची नखं टेकली आणि ती रिकामीच वर उठली.

“काय शिकवलंय हो काका!” पिंजरेवाला ओरडला. “टोल पडला की सगळी बाकाखाली!”

लेकीने मात्र नीट पाहिलं होतं. पहिला टोल पडायच्या आधीच शेवटचं पिल्लू बाकाखाली शिरलं होतं.

ती पाण्याचा पेला घेऊन झाडाखाली गेली.

“किती आत?” अप्पांनी विचारलं.

“सातही पिल्लं. कोंबड्याही.”

“टोलाच्या आधी की नंतर?”

खोटं ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. “आधी.”

“आधीच जातात. कोंबडा ओरडला की पुरे. शाळेतली पोरं तरी कुठे माझी वाट बघायची? टोल पडेपर्यंत दप्तरं भरून तयार!”

“मग वाजवता कशाला?”

“तू आत कामात असतेस. तुला कळावं ना, अप्पा जागेवर आहेत म्हणून.” त्यांनी पाणी संपवलं. “परवाचं ते पिल्लू नळापाशी गेलं होतं ना? तिथून बाक अठरा पावलं आहे. काल चालून पाहिलं. चूक माझीच आहे बाळ, पण डोळ्यांची नाही.”

लेकीने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला. मग ती पिंजरेवाल्याकडे वळली.

“दादा, टेप राहू द्या. हा बाक नळापाशी न्यायला तेवढा हात लावा.”

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती. दिवस मावळायच्या आत खुराड्याची कडी दोनदा वाजली. तिने ऐकलं, आणि बघायला गेली नाही.