धाकटीची सासू

"इतक्या लवकर बोलतात होय? आधी झाकण ठेवायचं, मग बोलायचं. घाई तर बघा, जशी काही गाडी सुटतेय हिची."

सासूबाई हे कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. त्यांची नजर टीव्हीवर होती आणि घास हातातच राहिला होता. पण शेजारी बसून जेवणाऱ्या धाकटीने तेवढं ऐकलं आणि मान खाली घालून मुकाट्याने भाजी वाढून घेतली. कारण टीव्हीतली ती घाई करणारी बाई धाकटी स्वतःच होती.

साठी ओलांडली तरी घरात तिचं नाव धाकटीच. थोरली सून शहाणी, तिने वर्षाच्या आत वेगळं बिऱ्हाड थाटलं. धाकटी मागे राहिली, नावासकट. आणि गेली सात-आठ वर्षं हीच धाकटी टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत सासू होती. अशी तशी नव्हे, नावाजलेली सासू. मालिकेतली सून स्वयंपाक करत असली की ही मागून यायची, पातेल्यावरचं झाकण उचलायची, आत बघायची, झाकण परत ठेवायची, आणि सुनेचा जीव टांगणीला लागला की मग एकच शब्द म्हणायची, "चालेल."

एवढ्यावर घरोघरी लोक पोट धरून हसत. भाजीवाला तिला टोमॅटो मोजून देताना मुद्दाम मान वाकडी करून विचारायचा, "चालेल ना, सासूबाई?" बँकेतला गंभीर चेहऱ्याचा मॅनेजर एकदा तिची सही बघून "चालेल" म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

ते झाकण, ती मान आणि तो शब्द कुठून आला, हे दोन माणसांना पक्कं ठाऊक होतं. धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला. सासूबाईंना ठाऊक आहे का, हे विचारायची छाती दोघांचीही नव्हती.

सासूबाई मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्या वॉर्डात शिरल्या की बरे झालेले पेशंटसुद्धा पुन्हा पांघरूण ओढून घेत, असं त्यांच्या हाताखालच्या नर्स सांगायच्या. घरी आल्यावर गणवेश उतरायचा, मेट्रन काही उतरायची नाही. धाकटी तेव्हा टेलिफोन ऑफिसात होती. पहाटे उठून ती सगळ्यांचं करून जायची, आणि ड्युटीवरून आलेल्या सासूबाई एकेका पातेल्यावरचं झाकण उचलून बघायच्या. चांगलं झालंय असं नाही, वाईट झालंय असंही नाही. "चालेल." त्या एका शब्दापायी धाकटीने बाथरूमचा नळ सोडून किती रडून घेतलं, ते त्या नळालाच माहीत.

ऑफिसच्या नाटकांतून काम करता करता नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती मालिकांत किरकोळ कामं करू लागली. कधी शेजारीण, कधी दवाखान्यातल्या रांगेतली बाई. मग या सासूच्या ऑडिशनचं बोलावणं आलं. दिग्दर्शक म्हणाला, "संवाद नाहीत. समोर सून आहे, गॅसवर पातेलं आहे. तिचा अपमान करा." बाकीच्या बायकांनी कंबरेवर हात ठेवून आरडाओरडा केला होता. धाकटीने झाकण उचललं. पुढचं सगळं आपोआप झालं. मान, नजर, झाकण, ते जीवघेणं थांबणं आणि तो शब्द. दिवे सांभाळणारी माणसंसुद्धा खो खो हसायला लागली.

धाकटी तशीच उभी राहिली. ज्या शब्दाने तिला आयुष्यभर रडवलं, त्यावर माणसं हसत होती. छातीवरचा जुना दगड कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला वाटलं. आणि पाठोपाठ धाकधूकही, की आता घरी काय सांगायचं?

घरी काहीच सांगितलं नाही. सासूबाई रोज मालिका बघू लागल्या आणि रोज चुका काढू लागल्या. "मान इतकी वळवायची नाही. डोळे वळवायचे." "हात पुसायची काय गरज? तिने कुठे काम केलंय!" धाकटी मूग गिळून जेवायची आणि दुसऱ्या दिवशी सेटवर तस्संच करायची. हशा दुप्पट व्हायचा. लोक म्हणायचे, बाईंचं टायमिंग म्हणजे टायमिंग! तिला अभिमान वाटायचाच. खोटं कशाला बोला, कपाटावरच्या बक्षिसांवरची धूळ ती स्वतःच्या पदराने पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. फक्त मुलाखतीत कुणी "ही सासू कुठून आणलीत?" असं विचारलं, की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "निरीक्षण हो. आजूबाजूला बघायचं." घरी येताना मात्र ते उत्तर तिला चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहायचं.

त्या आठवड्यात मालिकेचा खास भाग होता. लेखकाने त्यात सासूला पाझर फोडला होता. सुनेला मिठी मारून तिने ढसाढसा रडायचं होतं.

"ही मिठी मारणार नाही," धाकटी म्हणाली.

"ताई, लोकांना आवडेल."

"लोकांना आवडेल, हिला नाही आवडणार."

"बरं, मग प्रेम दाखवायचं कसं?" लेखकाने हात टेकले.

 बाळंतपणानंतर धाकटी पहिल्यांदा कामावर निघाली होती, तो दिवस तिला आठवला. पाय निघत नव्हता. सासूबाईंनी रात्रपाळी मागून घेतली होती, दिवसा बाळाला सांभाळायला. दारात त्यांनी धाकटीच्या ब्लाउजची कॉलर सरळ केली होती, तिच्याकडे न बघता, पलंगावरची चादर नीट करावी तशी. आणि म्हणाल्या होत्या, "नोकरी सोडलीस तर याद राख."

"कॉलर नीट करते," धाकटी म्हणाली. "आणि दम देते. बघा तर खरं."

ते दृश्य झाल्यावर सेटवर कुणी हसलं नाही. लेखक उठून पंख्याखाली जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ चष्माच पुसत राहिला. धाकटीने मेकअप काढला तेव्हा आरशातल्या बाईला ती मनात म्हणाली, आज काम केलंस हो.

आणि नेमकी चॅनलवाल्यांनी टूम काढली, खास भागासोबत मुलाखतही दाखवायची, तीही घरी येऊन.

नवऱ्याची पाचावर धारण बसली. "घरी? आणि आई?"

"त्या आत झोपतील."

"आई? झोपेल? तू कुणाबद्दल बोलतेयस?"

आतून आवाज आलाच. "माझ्या घरात कॅमेरा येणार आणि मी काय पलंगाखाली लपू? माझे इस्त्रीचे कपडे काढा."

नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या सासूबाई ठरल्या दिवशी सकाळपासून खुर्चीत ताठ बसून राहिल्या. गुडघे कामातून गेले होते, कान मात्र शाबूत. कॅमेरावाला दिवा लावायला लागला, तर त्याची वायर कुठून जावी तेही त्यांनीच ठरवलं. "मधून नको. कुणी पडलं तर मलाच बघावं लागेल." तो बिचारा "हो सिस्टर" म्हणून मोकळा झाला. त्याला सिस्टर म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाखत घेणारी मुलगी हसरी होती, चुणचुणीत. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने तो प्रश्न विचारलाच. "ताई, आज सांगूनच टाका. ही सासू तुम्हाला सापडली कुठे?"

 आजवर धाकटीने या प्रश्नाचं उत्तर परक्या खोल्यांत दिलं होतं, आज चार हातांवर सासूबाई बसल्या होत्या. खरं सांगावं, तर म्हातारपणी त्यांना भर दिव्यात कळणार, की सगळी दुनिया इतकी वर्षं आपल्यालाच हसतेय. न सांगावं, तर जे त्यांचं, ते पुन्हा एकदा आपल्या नावावर.

"निरीक्षण," ती म्हणाली. "बसस्टॉपवर, दवाखान्यात... बायका दिसतात."

सासूबाईंनी डोळे तिच्याकडे वळवले. मान नाही, फक्त डोळे.

मुलगी लगेच तिकडे वळली. "आजी, तुमच्या सूनबाई टीव्हीवर इतक्या खाष्ट. घरी कशा आहेत हो?"

"घरी ती सून आहे. घरी कशी खाष्ट असेल?"

सगळे हसले. मुलीला चेव आला. "आणि तुम्ही? तुम्ही कधी सासुरवास केलात का यांना? खरं सांगायचं हं!"

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातातला चहाचा ट्रे खुळखुळला. सासूबाईंनी उत्तरासाठी श्वास घेतला आणि तेवढ्यात धाकटी मधे पडली. इतकी वर्षं जिला अडवायची हिंमत झाली नाही, तिला तिने आज वाचवायला म्हणून अडवलं.

"छे हो! सासूबाईंनी मला कधी एक शब्दसुद्धा..."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या.

खोली वॉर्डासारखी शांत झाली.

"माझ्यासमोर बसून खोटं बोलतेस? तेही सगळ्यांच्या देखत?" मग त्या मुलीकडे वळल्या. "लिहून घ्या. बसस्टॉप नाही आणि काही नाही. ती सासू मी आहे."

"आई..." नवरा पुटपुटला.

"तू चहा ठेव खाली, सांडशील. पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाच ओळखलं मी. स्वतःचं तोंड ओळखू येत नाही का माणसाला? वाट बघत होते, ही कधी येऊन सांगतेय म्हणून." त्यांचा आवाज जरा घसरला. त्यांनी तो सावरला. "मी करत होते तेव्हा या घरात कुणी हसलं नाही. ही रडायची. नळ सोडून रडायची. मला ऐकू यायचं, आणि मी दार वाजवलं नाही. हिने तेच केलं, आणि सगळ्यांना हसवलं. मला पण हसवलं. असं करायला अंगात काहीतरी असावं लागतं. माझ्यात नव्हतं. हिच्यात आहे."

 धाकटीला वर बघता येईना.

सासूबाईंनी खुर्चीत पाठ आणखी ताठ केली आणि कॅमेरावाल्याकडे बोट केलं.

"घेतलंत का नीट? नसेल आलं तर सांगा. मी परत बोलते."