हरभऱ्याच्या ओटीनं गेलेला आवाज

मी एक जुनी बोलकी बाहुली आहे. 'बोलकी' म्हणून मिरवते खरी, पण मित्रांनो, मधली कितीतरी वर्षं माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात बिस्किटाएवढी तबकडी आणि एक स्प्रिंग बसवली होती. मानेमागची दोरी ओढली की तबकडी फिरायची आणि पोटावरच्या बारीक भोकांतून आवाज यायचा. आमच्या घराण्यातल्या अगदी पहिल्या बाहुल्या म्हणे इतक्या किरट्या आवाजात बोलायच्या, की मुलं घाबरून रडायची. त्या मानानं मी गोड गळ्याची. पण वाक्यं येत होती मोजकीच, आणि तीही इंग्रजीत. मला झोप आली, मला भूक लागली, असली. पुढचं संभाषण मुलांनी चालवायचं. आम्हा बाहुल्यांची सगळी गंमत त्यातच होती.

बडोद्याच्या धनाजीरावांनी मला आपल्या लेकीसाठी, निरुपमासाठी आणलं. मांडवीजवळच्या त्यांच्या घरी मला बघायला अख्खी गल्ली लोटली. शेजारच्या कांचनबेन माझं इंग्रजी ऐकून गुजरातीत झोपायला सांगायच्या, "हा बेटा, सूई जा." निरुपमा म्हणायची, "आधी दूध पी. नाटकं नकोत." मी शहाणी की हट्टी, हे रोज तीच ठरवायची. मला ते फार आवडायचं.

चैत्रात घरी हळदीकुंकू असे. गौरीच्या आरासीत मला मानाची जागा मिळे. एका वर्षी निरुपमाच्या आई, अहल्याबाई, म्हणाल्या, "हीसुद्धा माहेरवाशीणच की. हिची ओटी नको का भरायला?" आणि त्यांनी भिजवलेले हरभरे माझ्या ओटीत घातले. कौतुकाच्या भरात ते नीट निथळलेच नव्हते. पाणी भोकांतून आत झिरपत राहिलं. पुढं दोरी ओढली तर नुसती खरखर, आणि मग तीही बंद. अहल्याबाईंना फार वाईट वाटलं. पण दोष कुणाला देणार? माझा आवाज लाडानं गेला होता.

मग मी काचेच्या कपाटात गेले. पाहुणे विचारत, "ही बोलायची ना?" घरचे म्हणत, "बोलायची." ते ऐकून मला फार एकटं वाटायचं.

निरुपमा आता आजी झाली आहे. यंदा चैत्राच्या आधी ती नातीला, मोहनाला, आणि मला घेऊन छाणीला देवेंद्रभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. त्यांनी माझं पोट उघडलं आणि गंजलेली स्प्रिंग दाखवली.

"बेन, आ बधुं काढी नाखीए. नवी चिप बेसाडुं. गीतो गाशे, सवाल पूछो तो जवाब पण आपशे."

"आणि हेच जुनं साफ केलं तर?"

"करी जोईश. पण तबकडी बहु नाजुक छे. तूटी गई तो पछी कंई नहीं."

मी धास्तावले. तबकडी तुटली तर मी कायमची मुकी. चिप बसवली तर अखंड बोलेन, पण ती मी नसेन.

"आजी, नवीनच घाल ना," मोहना म्हणाली. "ती सगळं बोलेल."

"मग तू काय बोलशील?"

निरुपमानं मला देवेंद्रभाईंच्या पुढं सरकवलं. "जुनंच करा, देवेंद्रभाई. तुटली तर तुटली."

त्यांनी गंज खरवडला, तेलाचे थेंब सोडले, तबकडी हलक्या हातानं पुसली. दोरी मोहनानं ओढली. बरीचशी वाक्यं पुसून गेली होती. एकच स्पष्ट आलं, घोगऱ्या आवाजात, इंग्रजीतच: मला थंडी वाजतेय.

बाहेर ऊन रणरणत होतं. देवेंद्रभाई हसले. निरुपमानं डोळे पुसले. मोहनानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, "आजी, हिला ताप आलाय."

मित्रांनो, आम्हा जुन्या खेळण्यांना ओलाव्यापासून जपा, पण काचेमागं ठेवून विसरू नका. आमच्याजवळ एखादंच वाक्य उरलं असेल. पुढचं तुम्ही बोला.

रिक्षात मोहनानं मला ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं. "औषध कडू आहे," ती म्हणाली, "पण रडायचं नाही."